भाडं भरता भरता घर

मी अकरा वर्षांची होईपर्यंत आमच्या घरातल्या सगळ्या तसबिरी भिंतीऐवजी कशाला तरी टेकून उभ्या असायच्या. आजोबांची सैन्याच्या गणवेशातली सोफ्याला टेकून, येशूची कपाटावर, माझे शाळेतले फोटो खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं. भिंतीला खिळा मारायचा नाही, हा आईचा नियम होता. "घर सोडताना एकेका भोकाचे पैसे कापून घेतात," ती म्हणायची. आणि घर सोडणं तर ठरलेलंच. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमचं कुणाच्या तरी उसन्या ट्रकवर.

मिलवॉकीच्या उत्तर भागात आम्ही इतकी घरं पालटली, की त्यातल्या काहींची मला आता फक्त फरशी आठवते. आईकडे सरकारी व्हाउचर होतं. भाड्याचा मोठा वाटा सरकार परस्पर मालकाच्या हातात ठेवायचं, उरलेला आई द्यायची, शाळेच्या स्वयंपाकघरात मिळणाऱ्या पगारातून. ऐकायला हे छान वाटतं. पण व्हाउचर हा शब्द उच्चारला की फोनवरच्या माणसाचा आवाज कसा बदलायचा, ते मी आईच्या मांडीला डोकं लावून कितीदा तरी ऐकलंय. "अरेरे, कालच दिलं हो घर." आणि पुढच्या आठवड्यात त्याच घराच्या दारावर ‘भाड्यानं देणे’ची तीच पाटी.

मिस्टर ओडेल टेटम या घरमालकांनी तसं काही केलं नाही. व्हाउचरचं नाव ऐकून ते म्हणाले, "ते ठीक आहे. पोरगी ढोल-बिल वाजवत नाही ना?"

"नाही," आई म्हणाली.

"मग या बघायला. आधीचा वाजवायचा. शेजारीण अजून माझ्याशी बोलत नाही."

घर तपकिरी विटांचं, बैठं. पुढे चार माणसं बसतील एवढा ओटा, मागे अंगण आणि गल्लीला लागून मोडकं गॅरेज. मिस्टर ओडेल आणि त्यांची बायको मिस बर्निस (आमच्यात जवळच्या मोठ्या बाईच्या नावाआधी, लग्न झालेलं असलं तरी, मिसच लावतात) यांनी तिथं संसार केला होता. ते ओतकामाच्या कारखान्यातून निवृत्त झाले, मग मिस बर्निस गेल्या, मग गुडघे गेले, तसे ते दोन गल्ल्यांपलीकडे म्हाताऱ्यांच्या इमारतीत, लिफ्ट असलेल्या खोलीत राहायला गेले. पण जीव सगळा याच घरात. नळ गळत नसला तरी "नळ बघून जातो" म्हणून यायचे. आई म्हणायची, "हा माणूस भाडं घ्यायला येत नाही, घराला भेटायला येतो."

चार वर्षं आम्ही तिथं राहिलो. एका जागी एवढं राहण्याची आमची पहिलीच वेळ. आणि मग एका रविवारी, चर्च सुटल्यावर, मिस्टर ओडेल पीचच्या मुरंब्याची बरणी घेऊन आले. पाणी तापवायची टाकी उगाच ठोकून पाहिली, तळघरातून वर आले, स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

"व्हर्लीन," ते आईला म्हणाले, "मी हे घर काढून टाकणार आहे."

आईचा हात भांड्यातच थांबला. मला ते अजून दिसतं. साबणाचा फेस मनगटापर्यंत, आणि नजर समोरच्या भिंतीवर. मनातल्या मनात ती खोकी गोळा करायला लागली होती.

"कधीपर्यंत रिकामं करू?" तिनं विचारलं.

"अगं, ऐकून तर घे. दारात कार्डं टाकून जाणारे ते लोक आहेत ना, घरं विकत घेणारे, ते मला रोख द्यायला तयार आहेत. मला नाही द्यायचं त्यांना. बर्निसच्या स्वयंपाकघराची भिंत पाडून तिथं दुसरं न्हाणीघर काढतील. मला मिसिसिपीला जायचंय, बहिणीकडे. पण घाई नाही मला. तू घे हे घर."

आई हसली. म्हणजे हसल्यासारखं केलं. "मिस्टर ओडेल, मी व्हाउचरवर राहते. कोणती बँक मला दारात उभं करेल?"

"आज नाही करणार. पाच वर्षांनी करेल." मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. व्हाउचर आज जसं भाड्याला चालतं तसंच चालू राहील. त्यावर दर महिन्याला थोडे पैसे आईनं स्वतःच्या खिशातून भरायचे, आणि ते घराच्या किमतीतून वजा होत जायचे. किंमत आजच ठरवायची, पुढं वाढवायची नाही. मुदत संपली की उरलेल्याचं कर्ज काढायचं. त्या कर्जाच्या हप्त्यालासुद्धा हेच व्हाउचर हातभार लावेल, अशी योजना व्हाउचर देणाऱ्या घरभाडं कचेरीनं तेव्हा नुकतीच सुरू केली होती. "मी जाऊन विचारून आलोय," ते म्हणाले. "तिथली मुलगी म्हणाली, व्हाउचरवाल्याला घर विकायला निघालेला तुम्ही पहिलाच. मी म्हटलं, कुणीतरी पहिला असतोच."

आईनं हात पुसले. खाली बसली. मग अगदी हळू म्हणाली, "मागच्या खोलीला पिवळा रंग देता येईल?"

"जांभळा दे," मिस्टर ओडेल म्हणाले. "तुझं घर, तुझे डोळे."

हे सगळं छान जुळून आलं असतं, जर आमच्या घरात बिगमा नसती.

बिगमा म्हणजे आईची आई, मिसेस आयडेला ग्रिग्ज. कमरेचं हाड मोडल्यावर ती शिकागोहून आमच्याकडे आली होती, ती राहिलीच. चर्चला जाताना तिच्या डोक्यावर अशी टोपी असायची, की मागच्या बाकावरच्यांना धर्मगुरू दिसत नसत. त्या दिवशी ती दुपारची झोप काढून उठली, मुरंब्याची बरणी पाहिली आणि आईनं धापा टाकत सांगितलेली सगळी हकिगत ऐकली. शेवटी तिनं एकच विचारलं.

"केक आणला होता का त्यानं?"

"नाही. पीचचा मुरंबा."

"तेच ते," बिगमा म्हणाली आणि बरणी उचलून कपाटाच्या पार मागे ढकलली.

ती गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी बिगमानंच सांगितली, ओट्यावर बसून, शेंगा सोलता सोलता. आजोबा लुशियस शिकागोच्या खाटीकखान्यात कामाला होते. काळ्या माणसाला तेव्हा बँक कर्ज देत नव्हती. मग एक गोड बोलणारा माणूस आला. म्हणाला, बँक कशाला, मीच देतो घर हप्त्यांवर. सही केली त्या दिवशी त्यानं नारळाचा केक आणला होता. बिगमानं पडदे शिवले, अंगणात गुलाब लावले. किती वर्षं हप्ते भरले. मग एका थंडीत संप झाला आणि एक हप्ता, एकच, उशिरा गेला. कागदात लिहिलंच होतं तसं: एक चुकला की सगळं गेलं. सगळे भरलेले पैसे भाड्यात जमा, आणि घर त्याचं. सामान फुटपाथवर.

"तुझी आई तेव्हा सहा वर्षांची," बिगमा मला म्हणाली. "फुटपाथवरच्या पलंगावर बसून विचारत होती, आपण बाहेर का झोपणार आज? आणि त्या माणसानं महिन्याच्या आत तेच घर दुसऱ्या जोडप्याला विकलं. केक घेऊन गेला असेल त्यांच्याकडे."

"सगळी माणसं तशी नसतात, मा," आई दारातून म्हणाली.

"माणसाचं कोण बोलतंय? तो माणूस गोडच होता. कागद वाईट होता."

पुढच्या रविवारी बिगमानं मिस्टर ओडेल यांना जेवायला बोलावलं. आईला वाटलं, बर्फ वितळला. कोंबडी तळली, पालेभाजी शिजवली, मक्याची पोळी केली. मिस्टर ओडेल टाय बांधून आले. जेवण होईपर्यंत बिगमा हवापाण्याचं बोलत राहिली. मग तिनं ताटली बाजूला सारली.

"मिस्टर टेटम, व्हर्लीनचा एक हप्ता चुकला तर काय?"

"चुकला तर पुढच्या महिन्यात देईल."

"हे कुठं लिहिणार?"

"लिहायचं कशाला? मी सांगतोय ना."

"आणि उद्या तुम्ही गेलात तर? देव करो आणि तुम्ही शंभर वर्षं जगा, पण गेलात, आणि कुणी पुतण्या-भाचा आला, तर त्याला मी काय दाखवू? ही कोंबडीची हाडं?"

"मा!" आई म्हणाली.

"तू गप्प बस. मिस्टर टेटम, तुम्ही नुसत्या हातात हात देऊन घर विकणार आहात का?"

मिस्टर ओडेल यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला. "मी हे घर घेतलं ते हातात हात देऊनच घेतलं, मिसेस ग्रिग्ज," ते म्हणाले. "एका म्हाताऱ्या जर्मन बाईकडून. बँकेनं मला दारातून परत पाठवलं होतं. ती बाई म्हणाली, जमेल तसे दे. एक ओळ लिहून घेतली नाही तिनं. बारा वर्षं मी दर शुक्रवारी तिच्याकडे गेलो. माझा शब्द तिला पुरला. तुम्हाला पुरत नसेल तर राहू द्या."

टोपी घेऊन ते निघून गेले. मिठाईसाठी थांबले नाहीत. रताळ्याचं सारण भरून भाजलेली पाय-पेस्ट्री तशीच राहिली. आई स्वयंपाकघरात उभी राहून रडली आणि रडता रडता बिगमाला म्हणाली, "तुझं तोंड पोळलं म्हणून मी ताकसुद्धा प्यायचं नाही का गं?"

बिगमा म्हणाली, "पी की. फुंकून पी एवढंच म्हणते."

त्यानंतरचे काही आठवडे घरात फार वाईट गेले. नळ खरोखरच गळायला लागला, तर मिस्टर ओडेल यांनी प्लंबर पाठवला. प्लंबर! चार वर्षांत आम्ही त्या घरात परका पाना पाहिला नव्हता. आई आणि बिगमा एकमेकींशी माझ्यामार्फत बोलायच्या. "आजीला विचार, चहा हवाय का?" "आईला सांग, मला हात आहेत." मी दोन खोल्यांच्या मधे टपालासारखी हिंडत होते.

मग जूनमध्ये एके सकाळी मागच्या दारावर टकटक झाली. मिस्टर ओडेल. टाय नाही, कामाचे कपडे. आईकडे न बघता त्यांनी थेट बिगमाला विचारलं, "तो कागद कुठं नोंदवतात?"

बिगमा खुर्चीत सावरून बसली. "कोर्टाच्या इमारतीत. नोंदणीच्या खिडकीवर."

"आणि मजकूर कोण करून देतं?"

"गरिबांना फुकट सल्ला देणारे वकील आहेत. मी शोधून ठेवलेत."

"शोधून ठेवलेत," मिस्टर ओडेल म्हणाले. "अर्थातच." ते दाराच्या चौकटीला टेकले. "मी रागावलो होतो. मग बहिणीशी फोनवर बोललो. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली, ओडेल, त्या जर्मन बाईनं तुझ्यावर विश्वास ठेवला, कारण घर तिचं होतं. गमवायचं काही असलंच तर तिचं नव्हे, तुझंच होतं. तू भोळा होतास आणि तुझं नशीब चांगलं होतं." त्यांनी मान हलवली. "मी याचा कधी विचारच केला नव्हता."

"तुमची बहीण शहाणी आहे," बिगमा म्हणाली.

"हो. आणि तोंडानं अगदी तुमच्यासारखी."

बिगमानं काठी उचलली आणि आतून टोपी आणायला गेली. कोर्टात जायचं म्हणजे टोपी हवी. त्या दिवशी ती तिघं मिस्टर ओडेल यांच्या लांबलचक जुन्या ब्यूइक गाडीतून गेली. बिगमा पुढच्या सीटवर. आई मागे, शाळकरी मुलीसारखी. कागद तयार व्हायला, वकिलांच्या तावडीतून सुटायला आणि घरभाडं कचेरीची मंजुरी यायला उन्हाळा संपला. पण कागद झाला. त्यात बिगमाची वाक्यं जशीच्या तशी होती: हप्ता चुकला तर तो शेवटी जोडायचा, आधी भरलेलं काही बुडायचं नाही, आणि विकणारा मेला तरी करार जिवंत.

नोंदणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आई कामावरून येताना खिळ्यांचं पुडकं घेऊन आली. हातोडा मिस्टर ओडेल यांचा तळघरात होताच. बैठकीच्या खोलीत आम्ही तिघी उभ्या राहिलो. आईनं आजोबांची तसबीर कुठं लावायची ते ठरवलं, पेन्सिलीनं खूण केली, खिळा धरला, हातोडा उचलला आणि थांबली.

"मार की," बिगमा म्हणाली.

"भिंतीला भोक पडेल."

"त्यालाच तर खिळा मारणं म्हणतात."

आईनं मारला. खिळा वाकडा गेला, गिलाव्याचा बशीएवढा पोपडा खाली पडला. आई तोंडावर हात ठेवून उभी. मग बिगमा हसायला लागली. तिचं हसणं पोटातून सुरू व्हायचं आणि मोडलेल्या कमरेपाशी येऊन तिला दुखायचं, मग ती हसत हसत "अगं आई गं" करायची. आई आणि मी जमिनीवर बसलो, आणि आम्ही तिघी हसत राहिलो. ते भगदाड बुजवायला मिस्टर ओडेल यांनी आईला शिकवलं, आणि मग शिकवणं थांबलंच नाही.

पुढची वर्षं आठवली की मला आजही हातात गिलाव्याची पूड असल्यासारखं वाटतं. घर तापवणाऱ्या भट्टीची जाळी कधी बदलायची, हिवाळ्याआधी बाहेरच्या नळाचं पाणी कसं काढून टाकायचं, खिडक्यांना दुसरी काच कशी बसवायची, छपराच्या पन्हळीतली पानं कोणत्या बाजूनं ओढायची. मिस्टर ओडेल शिडीच्या खाली खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडायचे, "डावीकडे! तुझं डावं, व्हर्लीन, माझं नव्हे!" आई वरून म्हणायची, "मिसिसिपीची गाडी कधी सुटते हो तुमची?" ते म्हणायचे, "तुला हातोडा धरता आला की."

शुक्रवारी मासे. आमच्या गावात शुक्रवारी सगळं गाव मासे तळतं, तसे आम्हीही. सरोवरातले पर्च, मक्याच्या पिठात घोळवलेले, वर तिखट सॉस. जेवल्यावर टेबल पुसलं की व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळाचा डाव. बिगमा आणि मी एका बाजूला, आई आणि मिस्टर ओडेल दुसऱ्या. बिगमा पत्ता टेबलावर ठेवायची नाही, आपटायची.

"घ्या, मिस्टर टेटम! शिकागोहून आलाय हा, खास तुमच्यासाठी."

"मिस आयडेला, टेबल अजून माझं आहे, मोडू नका."

"टेबलाचं कागदात काही लिहिलेलं नाही."

मिसेस ग्रिग्जची मिस आयडेला केव्हा झाली, हे आम्हाला कळलंच नाही. आई मला कोपरानं ढोसायची. मिसिसिपीला जायची तारीख वसंतातून शरदात, शरदातून पुढच्या वसंतात सरकत राहिली. कधी गुडघ्याचं कारण, कधी भट्टीचं.

तिसऱ्या वर्षी आईची नोकरी गेली. शाळेची स्वयंपाकघरं बंद करून जेवण बाहेरून मागवायचं ठरलं आणि सगळ्या बायकांना एकदम घरी बसवलं. उत्पन्न घटलं की व्हाउचरचा वाटा वाढतो, म्हणून भाड्याचं निभावलं. पण वरची रक्कम, घराची, ती कुठून आणायची? आईनं दुकानादुकानात अर्ज टाकले, रात्रीची झोप गेली तिची. बिगमाला काही सांगायचं नाही असं तिनं मला बजावलं. बिगमाला न सांगता काय कळत नव्हतं?

पहिला हप्ता चुकला त्या दिवशी मी शाळेतून आले, तर बिगमा बैठकीच्या खोलीत बसलेली. अंगात कोट. डोक्यावर टोपी. मांडीवर पर्स, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. भट्टी चालू होती, खोलीत उकडत होतं, तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"कुठं निघालीस?" मी विचारलं.

"कुठं नाही," ती म्हणाली. "आत्ता येतील ते. मागच्या वेळी मला कोट घ्यायला वेळ मिळाला नव्हता."

मी आईला बोलावलं. आईनं समजावलं, कागद दाखवते म्हणाली, आणि बिगमानं मान डोलावली, "हो, मला ठाऊक आहे, मीच लिहायला लावलंय ते." पण कोट काढला नाही. डोक्याला ठाऊक होतं, अंगाला ठाऊक नव्हतं. संध्याकाळ झाली. आईनं मासे तळले नाहीत. मी बिगमाच्या शेजारी बसून राहिले. काय करावं ते कळत नव्हतं.

नेहमीच्या वेळेला मिस्टर ओडेल आले. दारातून त्यांनी बिगमाला पाहिलं. कोट, टोपी, पर्स. आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हप्त्याचा विषय कुणी काढला नाही, त्यांनीही नाही. त्यांनी स्वतःची टोपी काढली, छोटं टेबल उचलून, गुडघ्यांनी कुरकुर करत, बिगमाच्या खुर्चीपुढे आणून ठेवलं आणि पत्ते पिसायला लागले.

"मिस आयडेला," ते म्हणाले, "कोट काढा. बाहीत पत्ते लपवता तुम्ही, मला संशय आहे."

बिगमा त्यांच्याकडे पाहत राहिली.

"मी पत्ते लपवते?" ती शेवटी म्हणाली.

"मागच्या शुक्रवारचा राजा कुठून आला मग?"

"माझ्या हातातून आला! तुमच्या डोळ्यांना दिसत नाही, त्याला मी काय करू?" आणि तिनं पर्स खाली ठेवली. कोटाची खालची बटणं तिनं काढली, वरची दोन मी. टोपी मात्र तिनं डाव संपेपर्यंत डोक्यावरच ठेवली. आणि आम्ही जिंकलो.

चार महिने चुकले. मिस्टर ओडेल यांनी एकदाही विचारलं नाही. मग आईला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं, आधीपेक्षा बरं, आणि ते चार महिने शेवटी जोडले गेले, जसं ठरलं होतं तसं.

मुदत पुरी झाली तेव्हा मी मिस्टर ओडेल यांच्या खांद्याला लागले होते. बँकेच्या आधी आईला घरमालकीचे वर्ग करावे लागले, शनिवारी सकाळी. मग तपासनीस आला. तळघराच्या जिन्याला कठडा नाही म्हणून त्यानं घर नापास केलं. आई दुकानात गेली, लाकूड आणलं, मोजलं, कापलं, आणि पुढच्या भेटीच्या आत कठडा बसवला. तपासनीसानं तो हलवून पाहिला. "कुणाकडून करून घेतला?" त्यानं विचारलं. मिस्टर ओडेल खालून म्हणाले, "मालकिणीकडून."

सह्यांच्या दिवशी मला काही मोठं होईल असं वाटत होतं. तसं काही झालं नाही. एक गालिचा घातलेली खोली, खूप सह्या, एक पेन चालेना म्हणून दुसरं. आई तिथून थेट कामावर गेली, दुपारची पाळी होती. बिगमा परतीच्या वाटेवर गाडीत झोपली.

पण संध्याकाळी मिस्टर ओडेल आले ते पुढच्या दारानं. इतकी वर्षं मागच्या दारानं, टकटक करता करताच आत येणारा माणूस पुढच्या ओट्यावर उभा राहिला, घंटी वाजवली आणि वाट पाहत राहिला. आईनं दार उघडलं. हातात त्यांनी केक धरला होता. नारळाचा, दुकानातून आणलेला, पांढऱ्या खोक्यात.

आई खोक्याकडे बघून घाबरली. तिनं वळून बिगमाकडे पाहिलं.

"मिस आयडेला," मिस्टर ओडेल दारातूनच म्हणाले, "मी खूप विचार केला, आणू की नको. पण मला वाटलं, तुम्हाला एक केक देणं लागतं कुणीतरी. आत येऊ का?"

बिगमानं खोकं निरखून पाहिलं. मग म्हणाली, "पाय पुसून या. फरशी व्हर्लीनची आहे."

तिनं दोन तुकडे खाल्ले. दुसरा खाताना रडली. मी ताटल्या उचलल्या.

मिस्टर ओडेल त्या शरदात खरोखरच मिसिसिपीला गेले. दर रविवारी फोन करायचे, आधी आईशी भट्टीबद्दल, मग बिगमाशी, दार लावून. दोन वर्षांनी एका फेब्रुवारीत बिगमा तिच्या पलंगावर, पिवळ्या भिंतींच्या खोलीत, झोपेतच गेली. मिस्टर ओडेल बसनं आले, रात्रभर प्रवास करून. दफन झाल्यावर लोक पांगले तशी आई भांड्यांना लागली. ते उठून तळघराच्या जिन्याकडे गेले. कठड्याला धरून मधल्या पायरीवर बसले. मी शेजारी जाऊन बसले.

"इथं काय करताय?"

"बर्निस इथं बसायची," ते म्हणाले. "ऑगस्टात, उकडायचं तेव्हा. खालून गार हवा येते बघ, पोटऱ्यांना लागते. रेडिओ घेऊन बसायची, बेसबॉलचा सामना लावून. मी कामावरून आलो की पाणी मागायला सुद्धा इथंच यावं लागायचं. तिची टीम नेहमी हरायची."

त्यांनी हे मला आधी कधी सांगितलं नव्हतं. घर आमच्या नावावर झालं, त्या घरात कितीतरी खिळे आम्ही मारले, पण ही पायरी आम्हाला ठाऊकच नव्हती. त्या रात्री मी आईला ते सांगितलं.

आता मिस्टर ओडेलही नाहीत. आई त्याच घरात आहे. मी मॅडिसनला असते, महिन्यातून दोनदा गाडी घेऊन जाते. उन्हाळ्यात दुपारी गेले आणि आई हाकेला ओ देत नसली, की मी तळघराचं दार उघडते. ती मधल्या पायरीवर बसलेली असते, पाय खालच्या पायरीवर, डोळे मिटलेले. "सरक," मी म्हणते. ती सरकते.